कुदळ वांद्र्याला, हिशेब चेंबूरला

फेब्रुवारी 2025 मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला, जमीन संपून समुद्र सुरू होतो त्या टोकाला, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते एका हॉटेलचे भूमिपूजन झाले. हॉटेल इंडियन हॉटेल्स कंपनीचे, नाव ‘ताज बँडस्टँड’. सुमारे दोन एकर जागा, 330 खोल्या, 85 अपार्टमेंट, अडीच हजार कोटी रुपयांची गुंतवणूक आणि चार वर्षांत काम पुरे करण्याचे उद्दिष्ट, असे आकडे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी ते छापून आले, कुदळ हातात घेतलेल्या मान्यवरांचा फोटो आला आणि विषय संपला. आपल्याकडे भूमिपूजनाच्या बातमीचे आयुष्य एका दिवसाचे असते, हॉटेलचे असो वा पुलाचे. ते तसे नसावे, असे मला वाटते. राज्याचा मुख्यमंत्री ज्या कुदळीला हात लावतो ती कुदळ खासगी राहत नाही. मग अशा प्रत्येक समारंभात गुंतवणुकीपाठोपाठ ज्या रोजगाराचा उच्चार होतो, तोही टाळ्यांसाठी सोडलेला शब्द राहू नये. किती नोकऱ्या, कोणाला, कोणत्या अटींवर आणि कधीपर्यंत, हे त्याच दिवशी लेखी जाहीर व्हावे आणि पुढे दरवर्षी तपासता यावे. हा हिशेब मागण्याचा पहिला हक्क मात्र हॉटेलच्या शेजाऱ्यांचा नाही. तो इथून पूर्वेला, चेंबूरच्या पलीकडे गोवंडी-मानखुर्दला राहणाऱ्यांचा आहे.

चेंबूरचा वांद्र्याच्या हॉटेलशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध मुंबईच्या घडणीचा आहे. या शहराने पश्चिमेचा किनारा पाहुण्यांसाठी राखला आणि पूर्वेचा किनारा कामासाठी. जुहू, वांद्रे, नरिमन पॉइंट इथे हॉटेले उभी राहिली. माहूल, तुर्भे, देवनार इथे तेलशुद्धीकरण, खत, वीज आणि कचरा आला. देवनारचे डम्पिंग ग्राउंड 1927 चे. चेंबूरचा गोल्फ क्लबही त्याच साली सुरू झाला, ही या उपनगराची गंमत. चेंबूर कॅम्पातल्या सिंधी कुटुंबांनी आणि दाक्षिणात्यांच्या उडुपींनी इथली खाण्याची ख्याती वाढवली, पण तारांकित म्हणावे असे मोठे हॉटेल काही या बाजूला फारसे फिरकले नाही. पूर्व उपनगरांत त्याने पाय ठेवला तो पवईच्या तलावाकाठी किंवा विक्रोळीत गोदरेजच्या आवारात. दुसऱ्या बाजूला महापालिकेचाच 2009 चा मानव विकास अहवाल आहे. शहराच्या सगळ्या वॉर्डांत सर्वांत खाली होता एम पूर्व, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार, तुर्भे. त्याचा निर्देशांक होता 0.05. अहवाल जुना झाला, आकडा आज थोडा हलला असेल. पण पश्चिमेच्या हॉटेलांत चादरी बदलणारे, भाजी चिरणारे, भांडी घासणारे, रात्रपाळीला दारावर उभे राहणारे हात कोणत्या वस्त्यांतून येतात, हे समजायला अहवालाची गरज नाही.

चेंबूरला भूमिपूजने नवी नाहीत, हेही ध्यानात घ्यायला हवे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबईतल्या सर्वांत मोठ्या कुदळी याच बाजूला पडल्या. पुढे एसोची झालेली रिफायनरी 1954 मध्ये सुरू झाली, बर्मा शेलची 1955 मध्ये, टाटांचे औष्णिक वीज केंद्र 1956 मध्ये, मग अणुशक्ती आयोगाचे तुर्भ्याचे केंद्र आणि पाठोपाठ खत कारखाना. या कारखान्यांनी जे दिले ते सगळे आज क्वचितच एखादे हॉटेल देते. कायम नोकरी दिली, भविष्यनिर्वाह निधी दिला, वसाहत दिली, त्या वसाहतीत शाळा आणि दवाखाना दिला. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगाराचा मुलगा खत कारखान्याच्या किंवा रिफायनरीच्या कॉलनीत वाढून इंजिनिअर झाला, याची चेंबूरमध्ये किती तरी उदाहरणे सापडतील. पण त्याच कुदळींनी जे घेतले त्याची नोंद पहिल्या दिवशी कुणी केली नाही. माहूल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांना हवेसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले आणि 2020 मध्ये लवादाने दोन सरकारी तेल कंपन्या आणि रसायनांची साठवण करणाऱ्या दोन खासगी कंपन्या यांच्यावर मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई ठरवली. रिफायनऱ्यांचा नारळ फुटल्यानंतर पासष्टएक वर्षांनी. पहिल्या दिवशी जे कागदावर येत नाही ते पुढच्या पिढीला न्यायालयातून ओढून काढावे लागते, हे चेंबूरइतके महाराष्ट्रात क्वचितच कुठे शिकायला मिळते.

हॉटेल म्हणजे रिफायनरी नव्हे, हे मान्य. त्याच्या धुराड्यातून काही बाहेर पडत नाही. पण म्हणून ते पूर्णपणे खासगी ठरत नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2020 मध्ये निर्णय घेतला आणि एप्रिल 2021 पासून पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलेल्या हॉटेलांना उद्योगाचा दर्जा देऊन वीज, पाणी, मालमत्ता कर अशा बाबतींत व्यापारी दरांऐवजी औद्योगिक दर लागू केले. करोनाने आडव्या झालेल्या व्यवसायाला हात देणे त्या वेळी गरजेचेही होते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत तारांकित हॉटेलांना जादा चटईक्षेत्र देणारे स्वतंत्र कलमच आहे. त्यासाठी अधिमूल्य भरावे लागते, फुकट मिळत नाही. पण ज्या शहरात एकेका चौरस फुटासाठी सोसायट्यांचे वर्षानुवर्षे तंटे चालतात, तिथे जादा बांधायची परवानगी हीच मोठी देणगी असते. शिवाय किनाऱ्यालगतची जागा असली की किनारपट्टी नियमनाचे बदलते नियम आले, रस्ता आला, वाहतूक आली, समुद्राचे दर्शनही आले. हे सगळे शहराच्या सामायिक खिशातून जाते. उद्योगाचा दर्जा मागताना जो व्यवसाय स्वतःला उद्योग म्हणवतो, त्याला उद्योगाला लागणारे प्रश्नही लागू व्हायला हवेत.

असे प्रश्न विचारण्याची पद्धत महाराष्ट्रात आहेच. राज्याच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर किमान 50 टक्के आणि इतर जागांवर किमान 80 टक्के स्थानिकांना घ्यावे, असा शासन निर्णय 2008 पासून आहे. त्याची अंमलबजावणी किती कडक होते हा वेगळा, आणि कडू, विषय आहे. तत्त्व मात्र सरकारने स्वतःच मान्य केले आहे. सवलत दिली की रोजगाराची अट घालता येते आणि त्या अटीचा आकडा मागता येतो. हॉटेलच्या बाबतीत हा आकडा समारंभाच्या व्यासपीठावर कधी ऐकू येत नाही, इतकेच.

वेळेचा प्रश्न घेऊ, कारण भूमिपूजनाचे खरे वजन तिथे कळते. ताज बँडस्टँडची जागा मोकळी पडीक जमीन नव्हती. तिथे सी रॉक हॉटेल होते. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत लक्ष्य झालेल्या तीन हॉटेलांपैकी ते एक. दुसरे जुहूचे सेंटॉर, तिसरे विमानतळाजवळचे सेंटॉर. सी रॉक पुन्हा उभे राहिले नाही. मालकी बदलली, वाद न्यायालयांत गेले, किनारपट्टीचे नियम आड आले, जुनी इमारत पाडली गेली, आणि कुदळ पडायला 2025 उजाडले. बत्तीस वर्षे. देशातल्या सर्वांत महाग समुद्रकाठांपैकी एकावर बत्तीस वर्षे एकाही माणसाला नोकरी मिळाली नाही. यात एका कंपनीचा दोष शोधण्यात अर्थ नाही, विलंबाला अनेक हात लागले. दोन्ही सेंटॉर तर सरकारी होती. 2002 मध्ये निर्गुंतवणुकीत विकली गेली. विमानतळाजवळचे हॉटेल 83 कोटींना गेले आणि काही महिन्यांतच नव्या मालकाने ते 115 कोटींना दुसऱ्याला विकले. विकताना जागेचा हिशेब नीट झाला नाही आणि तिथे काम करणाऱ्या माणसांचा तर कुणी मांडलाच नाही.

मुंबईत एकाच दिवशी पडलेल्या दोन कुदळींची तुलना इथे उपयोगी पडते. 24 डिसेंबर 2016 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन झाले आणि त्याच दिवशी डी. एन. नगर ते मंडाळे या मेट्रो 2 बी मार्गाची पायाभरणीही झाली. स्मारक समुद्रात उभे राहिलेले नाही. मेट्रोलाही उशीर झालाच, मंडाळे ते डायमंड गार्डन या टप्प्यावर चाचणीच्या गाड्या धावायला 2025 उजाडले, पण गाड्या धावल्या. फरक कुणाच्या श्रद्धेत किंवा हेतूत नव्हता. एका कामामागे टप्पे, कर्जाचे करार आणि दर महिन्याला विचारणारी यंत्रणा होती. दुसऱ्यामागे भावना होती, आणि भावनेला कुणी तारीख विचारत नाही. आणखी एक योगायोग असा की हीच मेट्रो मानखुर्द, चेंबूर, कुर्ला आणि वांद्रे कुर्ला संकुलातून वांद्र्याला जाते. पूर्ण मार्ग सुरू झाला की गोवंडी-मानखुर्दची मुलगी एका गाडीने वांद्र्याला पोहोचेल. आज तिला हार्बरने वडाळ्याला उतरून गाडी बदलावी लागते, किंवा कुर्ल्याहून बसची वाट पाहावी लागते. रात्रपाळी सुटल्यावर दोन्ही अवघड.

अंतर हा नोकरीतला छुपा निकष असतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने महिलांना रात्री साडेनऊनंतर काम करण्याची मुभा दिली, पण त्यांची संमती, सुरक्षा आणि घरी पोहोचण्याची सोय या अटींवर. हॉटेलचे काम तीन पाळ्यांचे. नियम कागदावर चोख आहे. मालकाने मात्र सोय स्वस्तात करायची ठरवली तर तो जवळ राहणारी बाई निवडेल किंवा पुरुष निवडेल, आणि मुंबईच्या नकाशात ‘जवळ’ म्हणजे काय हे घरभाडे ठरवते. म्हणून नुसत्या नोकऱ्यांच्या आकड्याला अर्थ नाही. त्यात बायका किती, कंत्राटी किती, शिकाऊ किती आणि कोणत्या वॉर्डातून किती, हे कळल्याशिवाय तो आकडा पोकळ असतो.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो असा की कंपन्या गुणवत्तेवर माणसे घेतात, त्यांच्या भरतीत पत्ता कशाला आणायचा? तर पत्ता तिथे आधीपासून आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात ताजच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःचे जीव धोक्यात घालून पाहुण्यांना वाचवले, त्यावर ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ने 2011 मध्ये सविस्तर लेख छापला. त्या लेखकांनी ताजच्या भरतीचे एक धोरण ठळकपणे मांडले होते. महानगरांपेक्षा लहान शहरांतून आणि निमशहरी भागांतून माणसे निवडायची, कारण तिथल्या मुलामुलींत पाहुण्याविषयीचा आदर आणि घरच्यासारखी आस्था टिकून असते. हे मत बरोबर की चूक, हा मुद्दा नाही. मुद्दा हा की नोकरी कुठून भरायची हे देशातली एक नामांकित हॉटेल कंपनी ठरवते, विचारपूर्वक ठरवते आणि त्यात तिला अभिमानही वाटतो. लहान गावातून माणूस आणता येतो तर हार्बर लाइनवरून का नाही? गोवंडीच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांचे घर चालवणारी बाई जागेचा, पाण्याचा आणि वेळेचा जो हिशेब रोज ठेवते, तो हॉटेलच्या हाउसकीपिंगला शिकवावा लागत नाही.

शिक्षणाची सोय नाही, हाही बहाणा चालणार नाही. देशातली हॉटेल व्यवस्थापनाची पहिली संस्था 1954 मध्ये मुंबईतच सुरू झाली. ती आज दादरला आहे, चेंबूरहून फार दूर नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आठवी पास तरुणांना स्वयंपाक, वाढप, हाउसकीपिंग शिकवणारी अल्पमुदतीची योजना 2009 पासून आहे. टाटा समूहाचे आणि इंडियन हॉटेल्सचे स्वतःचे कौशल्यवर्ग आहेत, आणि ते चांगले चालतात असे मानायला हरकत नाही. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1954 पासून आहे आणि एम पूर्व वॉर्डावर तिने अनेक वर्षे काम केले आहे. सगळी भांडी स्वयंपाकघरात आहेत, चूल पेटवायला कुणी सांगितलेले नाही.

बांधकामाच्या चार वर्षांचे काय? त्यातही पूर्व उपनगराचा मोठा वाटा आहे, कारण चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या नाक्यांवर सकाळी उभे राहणारे बिगारी, गवंडी, प्लंबर याच बांधकामांवर जातात. कायद्याप्रमाणे बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर द्यावा लागतो आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच असतो. महाराष्ट्रात त्यासाठी 2011 मध्ये मंडळ नेमले गेले. जमिनीची किंमत वजा करून अडीच हजार कोटींपैकी बांधकामावर हजार कोटी जरी लागले असे धरले, तर एकट्या या एका प्रकल्पाचा उपकर दहा कोटी होतो. पण लाभ मिळायला कामगाराची नोंदणी हवी आणि नोंदणीला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावरच्या माणसाला आज एका मुकादमाकडे आणि उद्या दुसऱ्याकडे जावे लागते. तो हा दाखला कुणाकडून आणणार? पैसा मंडळाकडे जमा होतो आणि माणूस नाक्यावर राहतो. भूमिपूजनाच्या दिवशी विकासकाने एवढे जरी जाहीर केले की या जागेवर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक मजुराची नोंदणी पहिल्या महिन्यात होईल आणि दाखला आम्ही देऊ, तर त्या एका वाक्याने व्यासपीठावरच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त घरांत काहीतरी पोहोचेल.

आता दुसरा आक्षेप, जो उद्योगवर्तुळातून हमखास येतो. असल्या अटी घातल्या तर गुंतवणूक गोव्याला, हैदराबादला, अहमदाबादला जाईल. कारखान्याच्या बाबतीत या भीतीत तथ्य आहे. कारखाना उठून जाऊ शकतो आणि महाराष्ट्राने ते पाहिलेही आहे. हॉटेलचे तसे नाही. वांद्र्याचा समुद्र हैदराबादला नेता येत नाही. मुंबईत खोल्यांचे दर चढे आहेत म्हणूनच अडीच हजार कोटी इथे गुंतवले जातात. ते आकर्षण चार पानांच्या रोजगाराच्या तक्त्याने संपत असेल तर तो व्यवसायच तकलादू म्हणायचा. अमेरिकेतले लॉस एंजेलिस हे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे, कारण तिथेही मोठे हॉटेल होते. स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहालगत हॉटेल, नाट्यगृह आणि दुकानांचा मोठा प्रकल्प आखला गेला तेव्हा 2001 मध्ये विकासकाने भोवतालच्या रहिवाशांच्या आणि कामगारांच्या संघटनांशी लेखी करार केला. 70 टक्के नोकऱ्यांत जगता येईल असे वेतन, 50 टक्के नोकऱ्या भोवतालच्या वस्त्यांतल्या लोकांना, आणि बागांसाठी पैसे, अशी त्यात उद्दिष्टे होती. हॉटेल 2010 मध्ये उघडले. गुंतवणूकदार पळाले नाहीत, उलट महापालिकेच्या परवानग्यांतला विरोध कमी झाला. तिथली उद्दिष्टे सगळीच पुरी झाली असा दावा मी करत नाही. पण काय ठरले होते हे कुणालाही वाचता येते, आणि न पाळलेल्या गोष्टीवर बोट ठेवता येते.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. रोजगाराचा पत्ता विचारणे म्हणजे पुन्हा भूमिपुत्रांचे जुने राजकारण नव्हे का? माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. एम पूर्व वॉर्डात मराठी आहेत, उत्तर भारतीय आहेत, तमिळ आहेत, मराठवाड्यातून दुष्काळात आलेले मातंग आणि बौद्ध आहेत, मुसलमान आहेत. शहरात इतरत्र प्रकल्प झाले की ज्यांना उठवले गेले तेही इथेच आणून बसवले गेले. माहूलच्या पुनर्वसन इमारतींत तानसा जलवाहिनीकाठची कुटुंबे पाठवली गेली, हवेमुळे ती आजारी पडली आणि उच्च न्यायालयाला 2019 मध्ये लोकांना तिथे जाण्याची सक्ती करू नका असे सांगावे लागले. वॉर्डाचा पत्ता विचारताना आपण जात, भाषा किंवा जन्मगाव विचारत नाही. शहराच्या वाढीचा बोजा ज्यांच्या डोक्यावर ठेवला, त्यांच्या वाट्याला त्या वाढीतली मजुरी तरी किती आली, एवढेच विचारतो.

आणखी एक कुरबुर धर्माच्या बाजूने येते. भूमिपूजन हा विधी आहे, त्यात हिशेब आणून पावित्र्य का घालवता? मला वाटते विधीच या बाबतीत आपल्या बाजूने आहे. पूजेच्या आरंभी गुरुजी संकल्प सोडायला लावतात तेव्हा यजमानाला देश, काळ, तिथी, स्वतःचे नाव-गोत्र आणि कशासाठी हे कर्म करतो आहे, हे सगळे उच्चारावे लागते. मोघम संकल्प चालत नाही. कुठे, कधी, कोण, कशासाठी, हे चारही सांगून मगच पाणी सोडतात. आपल्या सार्वजनिक समारंभांत यजमान सोयीस्करपणे फक्त शेवटचा भाग माइकवर सांगतात. उरलेले तीन लेखी मागणे ही परंपरेची थट्टा नाही, तिचे पालनच आहे.

मागणी प्रत्यक्षात मोठी नाही. भूमिपूजनाच्या पत्रिकेत जितकी नावे छापतात तेवढ्याच जागेत हा तक्ता मावेल. हॉटेलला मिळालेले जादा चटईक्षेत्र आणि सवलती, बांधकाम उपकराची रक्कम आणि नोंदवलेले मजूर, पूर्ण होण्याची तारीख, चालू झाल्यावरच्या कायम आणि कंत्राटी जागा, त्यातल्या महिला, आणि वॉर्डवार भरती. अपार्टमेंट असतील तर ती पाहुण्यांना राहायला की विकायला, हेही. हॉटेल आणि निवासी सदनिका एकाच छताखाली आल्या की जादा चटईक्षेत्र कोणाच्या कामी येते, हा प्रश्न शहराने विचारायलाच हवा. पर्यटन संचालनालयाची नोंदणी दरवर्षीच्या माहितीवर अवलंबून ठेवता येते आणि ती माहिती महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकता येते. यासाठी नवा कायदा लागत नाही. व्यवसाय मंदावला, साथ आली, तर आकडे खाली येतील. 2020 मध्ये हॉटेले रिकामी होतीच. तसे असेल तर तसे लिहावे. हमी कोणी मागत नाही, नोंद मागतो आहोत.

हे चेंबूरकरांनी आता मनावर घेण्याचे कारण दूरचे नाही. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी 2018 मध्ये झाले आणि उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये. त्याआधी पूर्व मुक्त मार्ग आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता सुरू झाले होते. आज चेंबूर दोन विमानतळांच्या अधेमध्ये आहे. आर. के. स्टुडिओची जागा 2019 मध्ये विकली गेली आणि तिथे आलिशान घरे आली. यापुढची हॉटेलची कुदळ सायन-पनवेल महामार्गाच्या आसपास कुठे तरी पडली तर आश्चर्य वाटायला नको. त्या दिवशी चेंबूरला काय विचारायचे हे आज वांद्र्यात विचारून पाहता येईल. तिथल्या प्रकल्पाला ठरल्याप्रमाणे चार वर्षे लागली तर हॉटेल 2029 च्या सुमारास उघडेल आणि भरती त्याआधी किमान सहा महिने सुरू होईल. हॉटेल व्यवस्थापनाचा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. 2026 च्या जूनमध्ये मानखुर्दहून दादरला प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी 2029 मध्येच बाहेर पडेल. तिच्या शुल्काचे आणि जागेचे ठरवायचे असेल तर त्याला 2028 ची जाहिरात येईपर्यंत थांबून चालणार नाही.